चारची गुलबक्षी

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

आजपासून दैनंदिनी. नोकरीत रोज नोंदवही लिहायचो, पण ती गाड्यांची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, आता स्वतःची लिहायला हरकत नाही.

निमित्त असं की, आमच्या म्हसरूळच्या ज्येष्ठ नागरिक संघानं प्रदर्शन ठरवलंय. नाव ‘दारातली फुलं’. आपल्या दारात, गेटजवळ जे फूल असेल त्याचा स्वतः काढलेला फोटो आणि खाली चार-सहा ओळींची कविता. दसऱ्यानंतर, दहा ते बारा ऑक्टोबर, संघाच्या हॉलमध्ये. निवड ज्योत्स्नाताई करणार. त्या शाळेत मराठी शिकवायच्या, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. प्रत्येक कार्डावर नाव छापलं जाणार आहे.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच सही केली. एकतीस वर्षं मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. ‘कळवणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे,’ असं मी माईकवर म्हटलं की माणसं पिशव्या उचलून पळत सुटायची. हजारो लोकांनी रोज ऐकला, पण आवाज कुणाचा हे कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. तरी एकदा कुठेतरी ‘खंडेराव आहेर’ असं छापलेलं बघायची इच्छा आहे. ही वही माझीच आहे म्हणून लिहितो.

फुलांची अडचण नाही. आमच्या गेटवर मधुमालती कमानीसारखी चढलीय, बाजूच्या जाळीवर गोकर्ण आहे आणि खांबाच्या पायाशी गुलबक्षी. सगळं बायकोनं, म्हणजे कुसाबाईनं लावलेलं. मी फक्त गेटला रंग दिला होता.

निकितानं, म्हणजे आमच्या मुलीनं, चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल आणून दिलाय. आज अकरा फोटो काढले. सातांत माझा अंगठा आला.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी साडेसहाला फोटो काढायला गेलो तर गोकर्णाचा वेल साफ. गणपतीचे दिवस, कुणीतरी फुलं खुडून नेली. मी चिडलो. पाटी लावतो म्हटलं, ‘फुले तोडू नयेत. हुकुमावरून.’

कुसाबाई अंगण झाडत होती. म्हणाली, “नेऊ द्या. देव तिकडं, फूल हिकडं. मधी चालणारं कोन तरी लागतंच की.”

हिला कशाचंच गांभीर्य नाही. पाटीसाठी पुठ्ठा शोधला, मिळाला नाही.

दुपारी पहिली कविता बसवली.

हे पुष्पराज्ञी, तव सौरभाने
धुंद जाहली अवघी अवनी…

गोकर्णावर आहे. कुसाबाईला वाचून दाखवली. म्हणाली, “गोकर्णाला कुठं वास असतो?”

हे मात्र खरं आहे. मधुमालतीवर घालून टाकतो.

८ सप्टेंबर, सोमवार

मधुमालतीचा फोटो झकास आला. एकाच घोसात पांढरं, गुलाबी आणि लाल फूल. निकितानं बघून लगेच अंगठा पाठवला, या वेळी तिचा.

कुसाबाईला दाखवला तर बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तीन दिसात पोरीची म्हातारी व्हती. पन लाजायची काय ऱ्हात नाय बघा.”

मी म्हटलं, “कोण?”

“ही.” आणि मोबाइल परत देऊन भाकरी थापायला गेली.

मी लिहिलं ते असं: ‘जीवनाचे तीन रंग, दाविसी तू लतिके, मानवासी बोध देसी, धन्य धन्य मौक्तिके.’ ‘लतिके’ला ‘मौक्तिके’ जमलं याचं समाधान आहे. मोत्याचा संबंध काय, असं कुणी विचारू नये.

१३ सप्टेंबर, शनिवार

विशेष काही नाही. पाऊस थांबून थांबून. मोबाइलची काच पुसण्यातच वेळ गेला.

एक गोष्ट लक्षात आली. आपण घरात असलो तरी बघत नाही, फोटोच्या नादानं बघायला लागतो. कुसाबाई रोज चार वाजता चहाचा कप घेऊन गेटजवळच्या पायरीवर बसते. पावसाची भुरभुर असली तरी डोक्यावर पदर घेऊन बसते. माझा कप टेबलावर ठेवलेला असतो. भाजीवाला त्याच सुमाराला येतो, त्याची वाट बघत असावी. मी सांगितलं, “त्याला फोन करत जा, बसायची गरज नाही.” ती हसली. अर्ध्या तासानं उठून आली. भाजी घेतलेली नव्हती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज पाच कविता आणि पाच फोटो घेऊन ज्योत्स्नाताईंकडे गेलो. नीट फाइल केली होती, क्रमांकासह. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. फोटोंना दोनदा ‘छान’ म्हणाल्या. कवितांना काही म्हणाल्या नाहीत. बिस्किटं पुढे केली.

शेवटी मीच विचारलं.

“खंडेराव,” त्या म्हणाल्या, “राग मानू नका. ‘अवनी’ हा शब्द तुम्ही घरात कधी बोलता?”

“नाही.”

“मग कवितेत कशाला? तुमच्या गेटजवळ जसं आहे, तसं लिहा. घरात बोलता तसं.”

“घरात मी फारसं बोलत नाही,” मी म्हटलं.

यावर त्या हसल्या. मला हसू आलं नाही. एकतीस वर्षं शुद्ध मराठीत बोललेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. परत येताना फाइल शर्टाच्या आत धरली, पाऊस होता म्हणून.

२४ सप्टेंबर, बुधवार

चार दिवस काही लिहिलं नाही, फोटोही नाही. हा नाद सोडावा असं वाटलं होतं. निकितानं फोनवर सांगितलं, “बाबा, सोडलंत तर दिवसभर टीव्ही बघाल आणि आईचं डोकं खाल.” म्हणून परत सुरू.

आज गोकर्णाचा फोटो काढत होतो. जाळीचे गज मधे येत होते. मी वैतागून म्हटलं, “या गजांनी सगळा विचका होतोय.”

कुसाबाई वेलाला दोरा बांधत होती. “तुमाला गज दिसतेत,” ती म्हणाली. “त्याला शिडी दिसती.”

आता ज्योत्स्नाताई म्हणाल्या, घरात बोलतात तसं लिहा. पण घरात असं बोललं जातं, त्याची काय कविता होणार? यमकही नाही. असो. नोंद करून ठेवली.

२९ सप्टेंबर, सोमवार

उद्या शेवटची तारीख. गुलबक्षीचा फोटो राहिला होता. ती दिवसभर मिटलेली असते, म्हणून चार वाजता मोबाइल घेऊन गेटवर हजर झालो. कुसाबाई पायरीवर होतीच. फ्रेममध्ये तिच्या लुगड्याचा काठ येत होता. मी म्हटलं, “जरा सरक.” ती सरकली, पण उठली नाही.

फुलं उघडायला लागली. घाई नाही, गडबड नाही. मी घड्याळ बघितलं, चार वाजून सहा मिनिटं.

“रोजच चारला?” मी विचारलं.

“रोज.”

मग ती जे बोलली ते मी वहीत जसंच्या तसं उतरवतो. जुनी सवय. स्टँडवर फोननं संदेश आला की शब्द न बदलता लिहून घ्यायचा, हा नियम होता.

चार वाजले की ही उघडती. आई शेतातून यायची तीच येळ. आई गेली, घर गेलं. येळ ऱ्हायली.

सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली. कळवणजवळचं त्यांचं घर हिच्या भावांनी पाडून नवं बांधलं. पाडायच्या आदल्या दिवशी ही तिथे गेली होती आणि येताना दारातल्या गुलबक्षीचं बी पदराला बांधून घेऊन आली, हेही आज कळलं. मला वाटत होतं रोपं नर्सरीतून आणली.

  तिच्या कपात चहा उरला होता, तो मी प्यायलो.

या विषयावर रात्री कविता जमली. पुढच्या कोऱ्या पानावर संदर्भासाठी वर तिचे शब्द उतरवले, खाली कविता:

संध्यारागे रंगून उठली दारी गुलबक्षी,
मातृस्मृतीच्या मंदिराची तीच खरी साक्षी!

गुलबक्षी-साक्षी. हे यमक कुणाला सुचलं नसेल. ज्योत्स्नाताईंना त्या पानाचाच फोटो काढून पाठवला, शिवाय फुलाचा फोटो. सोबत लिहिलं, ‘अंतिम प्रवेशिका.’

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी आठलाच ज्योत्स्नाताईंचा फोन. आवाज वेगळा होता.

“खंडेराव, रात्री वाचलं. दोनदा वाचलं. हेच हवं होतं हो. ‘येळ ऱ्हायली.’ एक अक्षर बदलायचं नाही. ‘वेळ’ करू नका, ‘राहिली’ करू नका.”

मी म्हटलं, “आणि ‘साक्षी’?”

“ते खालचं होय? ते वगळते. वरच्या चार ओळी पुरेत. कार्ड प्रवेशद्वाराशी लावणार आहे, सगळ्यात पहिलं.”

मी ‘आभारी आहे’ म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी ‘आभारी आहे’ म्हणालो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

झेंडूची तोरणं लावली. गेटला मोठं, सायकलला लहान. निकिता आणि जावई जेवायला आले होते. ज्योत्स्नाताईंनी कार्डाचा नमुना पाठवला होता, तो निकितानं माझ्या मोबाइलवर बघितला. वर गुलबक्षी, मधे त्या ओळी, खाली ‘खंडेराव आहेर’. छापलेलं नाव चांगलं दिसतं.

“बाबा, हे तुम्ही लिहिलं?”

“वहीत मीच लिहिलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आई बोलल्यासारखं वाटतं,” एवढंच म्हणाली. कुसाबाई आत पुरणपोळी भाजत होती. मी आवाज लहान ठेवला.

५ ऑक्टोबर, रविवार

विचार करतोय. वाक्य तिचं, हे मान्य. पण उतरवून घेतलं कुणी? मी नसतो तर ते त्या पायरीवरच विरून गेलं असतं. आणि माईकवर मी जे सांगायचो ते तरी माझं कुठे होतं? वेळापत्रक दुसऱ्यांनी केलेलं, आवाज फक्त माझा.

हे लिहून झाल्यावर वाचलं. पटण्यासारखं आहे, पण मला पटत नाही. मी स्टँडवर कधी म्हटलं नाही की ही गाडी माझी आहे.

तिला सांगावं असं दोनदा मनात आलं. पहिल्या वेळी ती तांदूळ निवडायला बसली होती. दुसऱ्या वेळी मीच अंघोळीला गेलो. नाव खाली नाही म्हणून ती रागावेल, अशी भीती आहे. रागावली तर काय उत्तर द्यायचं, तेवढं ठरलं की सांगतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

घडायला नको ते घडलं.

उद्घाटन पाच वाजता होतं. कुसाबाई नवी साडी नेसून आली. हॉल भरला होता. दारातून आत आल्याबरोबर माझंच कार्ड. दोघी-तिघी बायका त्याच्यापुढे उभ्या होत्या, एक डोळे पुसत होती. मी छाती फुगवली, हे कबूल करतो.

कुसाबाई चौथीपर्यंत शिकलेली. ती बोट हवेत ठेवून एकेक शब्द वाचते. तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग बोट खाली घेतलं. पुढचं तिला वाचावं लागलं नाही.

घरी येताना ती चार पावलं पुढे चालत होती. गेट लावताना मीच म्हटलं, “नावाचं चुकलं. तुझं नाव टाकायला पाहिजे होतं.”

“नावाचं कोन बोलतंय?” ती म्हणाली. “मी तुमाला सांगितलं होतं. तुमाला येकट्याला. आईला भिंतीवर टांगायला सांगितलं होतं का?”

मी उत्तर ठरवून ठेवलं होतं ते नावाबद्दलचं. 

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी ज्योत्स्नाताईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पानाचा फोटो, वरचं कुणाचं, खालचं कुणाचं. बोलताना पायातली चप्पल बघत होतो.

त्यांनी मोबाइलवर तो फोटो परत उघडला. मग म्हणाल्या, “मला कळायला पाहिजे होतं. एका पानावर दोन माणसं होती.” मोबाइल खाली ठेवून म्हणाल्या, “शब्द कुणाचे, ते मात्र तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

“हो.”

“कार्ड काढायचं?”

“हिला विचारलं. काढा म्हणाली.”

हॉल उघडून आम्ही दोघांनीच ते काढलं. भिंतीवर चार चिकटपट्ट्यांच्या खुणा राहिल्या. कार्ड कागदात गुंडाळून घरी आणलं आणि कपाटावर ठेवलं. कुसाबाईनं ते बघितलं. चार वाजता आज ती गेटवर गेली नाही, आत भांडी लावत राहिली. ती गेली नाही म्हणून मी जाऊन बसलो. फुलं उघडली. मी फोटो काढला नाही.

हे सगळ्यात वाईट झालं. नाव गेलं त्याचं काही नाही, पण तिची बसायची जागा मी घालवली.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज बरंच लिहायचं आहे.

पावणेचारला गेट वाजलं. ज्योत्स्नाताई होत्या आणि सोबत एक पन्नाशीच्या बाई. नाव मोहिनीताई, राहायला पंचवटीत, माहेर पिंपळगाव बसवंत. शुक्रवारी कार्ड वाचून गेल्या होत्या. आज आपल्या बहिणीला मुद्दाम घेऊन आल्या तर जागा रिकामी. तिथेच ज्योत्स्नाताईंना विचारून इकडे आल्या, बहिणीला हॉलमध्ये बसवून.

“मला फक्त ते झाड बघायचंय,” त्या म्हणाल्या. “लगेच जाते.”

कुसाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. मोहिनीताईंनी तिच्याकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजल्या. म्हणाल्या, “माझी आई कांद्याच्या शेडवर निवडायला जायची. टेम्पोनं यायची, साडेपाचला. आम्ही दोघी बहिणी हायवेच्या कडेला उभ्या असायचो. तिला जाऊन बारा वर्षं झाली. अजून साडेपाच वाजले की मला घरात थांबवत नाही. नवरा म्हणतो, तुला फिरायची हौस. मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं हे माझंच येड आहे.”

कुसाबाईनं पायरीवरचा पाला हातानं झाडला. मग म्हणाली, “बसा ना. आत्ता उघडंल.”

दोघी पायरीवर बसल्या. मी चहा केला. साखर जास्त पडली, कुणी बोललं नाही. चहा देऊन मी ज्योत्स्नाताईंसोबत आत आलो, पण खिडकी उघडी होती.

कुसाबाई सांगत होती. आई शेतातून आली की दारातूनच हाक मारायची, ‘कुसा, चहा शे का वं?’ म्हणजे चहा आहे का. डोक्यावरचा भारा टाकायच्या आधी हाक. गवताचा वास आधी यायचा, मग आई. एकदा पायात काटा मोडला तर आईनं तो दाताने काढला. एकदा जत्रेत हरवली तेव्हा आईनं मारलं आणि मग स्वतःच रडली. एवढं सगळं. एकेचाळीस वर्षांत मला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी कधी विचारलं नव्हतं.

पाच वाजायला आले तेव्हा ती आत आली. कपाटाकडे बघून म्हणाली, “ते काढा खाली.”

“का?”

“आज शेवटचा दीस हाय ना? सातपर्यंत हाय. हिची बहीण तिथं बसलीय. तिला वाचू द्या.”

“तुला चालेल?”

“मला वाटलं लोक नुसते बघत्यात,” ती म्हणाली. “ते आपापल्या आईला बघत्यात. मंग माझ्या आईला तिथं उभं ऱ्हायला काय झालं?”

आम्ही चौघं चालतच हॉलवर गेलो. कार्ड पुन्हा त्याच चार खुणांवर लावलं. ज्योत्स्नाताईंनी पर्समधून पेन काढलं, माझ्या छापलेल्या नावाआधी ‘फोटो’ लिहिलं आणि खाली पांढरी पट्टी चिकटवली. “फोटो, खंडेराव आहेर, हे राहील,” त्या म्हणाल्या. “शब्द, कुसाबाई आहेर. बरोबर?”

“नको,” कुसाबाई म्हणाली. “मी काय कविता केली? मी आपली बोलले. नाव टाकायचं तर आईचं टाका. येळ तिची हाय.”

ज्योत्स्नाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी पट्टीवर हात ठेवला आणि थांबलो. पेन टेकवलेलं तसंच राहिलं. स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांची गावं मला अजून पाठ आहेत, सुरगाण्यापर्यंतची. आणि सासूबाईंचं नाव आठवेना. मी त्यांना कधी नावानं ओळखलंच नव्हतं. पत्र आलं तर सासऱ्यांच्या नावानं, लग्नपत्रिका आली तर भावांच्या.

कुसाबाईला कळलं. पण मोहिनीताई आणि त्यांची बहीण उभ्या होत्या, म्हणून ती हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “तानुबाई.”

मी ‘तानु’ लिहून पुढे जाणार, तेवढ्यात ती म्हणाली, “बाई लावा. नुसतं तानु तिला सगळेच म्हणायचे.”

मी लिहिलं. तानुबाई भिका शेवाळे. मोहिनीताईंच्या बहिणीनं ते मोठ्यानं वाचलं. कुसाबाईनं बोट हवेत धरून एकेक अक्षर वाचलं आणि मान हलवली.

अक्षर जरा तिरकं आलं.  पण लांबून वाचता येतं, मी दारापर्यंत मागे जाऊन बघितलं.